डिस्नेच्या आत राहावे की बाहेर?

ऑर्लँडो : नोकरदाराला भरपगारी रजा दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. खासगी नोकरीत वर्ष काढले की साधारण 10-11 दिवसांची रजा पदरात पडते, पुष्कळांना तीही मिळत नाही. म्हणून इथल्या घरांत मुलांना घेऊन करायच्या सहलीची आखणी सहा-सहा महिने आधी सुरू होते. सहल फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची असेल तर पहिला वाद ठरलेला असतो : राहायचे कुठे? कंपनीच्या हद्दीतल्या हॉटेलात की हद्दीबाहेर, निम्म्या भाड्यात? महाराष्ट्रातून ग्रुप टूरने येणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, त्याचे हॉटेल टूरवाल्यांनी आधीच ठरवलेले असते. पण न्यू जर्सीत किंवा टेक्सासात स्थिरावलेला मुलगा, सून, दोन लहान मुले आणि पुण्या-नाशिकहून उन्हाळ्यात आलेले आजी-आजोबा असे सहा जणांचे बिऱ्हाड निघते, तेव्हा या निर्णयावर हजार-दोन हजार डॉलर सहज इकडचे तिकडे होतात. माझे म्हणणे असे की आत की बाहेर हा प्रश्नच चुकीच्या जागी मांडला जातो. ती हद्द कंपनीने स्वतःच्या सोयीने आखलेली आहे. कुटुंबाने पाहायचे ते एवढेच, की दुपारी बारा-एक वाजता मुले आणि म्हातारी माणसे थकली की त्यांना किती मिनिटांत पलंगावर आडवे होता येते.

ही हद्द आली कुठून, ते आधी समजून घ्यायला हवे. वॉल्ट डिस्ने यांनी 1955 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम 160 एकर जमीन होती. उद्यान चालू लागताच भोवताली मोटेलांची रांग उभी राहिली. डिस्नेलँडच्या नावाचे पहिले हॉटेलसुद्धा दुसऱ्याच उद्योजकाने बांधले होते आणि ते कंपनीच्या ताब्यात यायला 1988 उजाडले. म्हणजे पाहुणा यायचा डिस्नेकडे आणि रात्रीचे भाडे द्यायचा दुसऱ्याला. फ्लोरिडात ही गत होऊ नये म्हणून कंपनीने वेगवेगळ्या बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घ्यायला सुरुवात केली. 1965 च्या ऑक्टोबरात स्थानिक वर्तमानपत्राने खरेदीदाराचे नाव फोडले, तोवर सुमारे 27 हजार एकर हाती आले होते, आणि तेही सरासरी दोनशे डॉलर एकराच्या आतबाहेर. 1967 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने रस्ते, सांडपाणी, बांधकाम परवाने असे पालिकेसारखे अधिकार असलेला स्वतंत्र जिल्हाच या जमिनीसाठी निर्माण केला. पुढे 2023 मध्ये फ्लोरिडा सरकारने त्याची सूत्रे स्वतः नेमलेल्या मंडळाकडे घेतली, त्या राजकारणात इथे शिरत नाही. सांगायचे ते असे की 1 ऑक्टोबर 1971 ला मॅजिक किंगडम हे पहिले उद्यान उघडले त्याच दिवशी दोन हॉटेलेही उघडली. इथे हॉटेल हा पहिल्यापासून धंद्याचा गाभा आहे. आज कंपनीच्या हद्दीत 25 हून अधिक मुक्कामाच्या जागा आहेत.

आत राहणाऱ्याला काय मिळते, याची यादी प्रवासी कंपन्या उत्साहाने वाचून दाखवतात. ती यादी गेल्या काही वर्षांत कशी आटत गेली, हे मात्र कुणी फारसे सांगत नाही. 2005 पासून विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट बस होती. सामान परस्पर खोलीत पोहोचायचे. 2022 च्या सुरुवातीला ती बंद झाली. खोलीची किल्ली आणि तिकीट म्हणून चालणारे मनगटावरचे पट्टे फुकट मिळायचे, ते बंद झाले. रांग टाळण्याची सोय सर्वांनाच विनामूल्य होती आणि हॉटेलातल्या पाहुण्याला ती लवकर राखून ठेवता यायची. आता तिचे नाव लायटनिंग लेन आहे, ती माणशी पैसे मोजून घ्यावी लागते आणि आतल्या पाहुण्याला मिळतो तो फक्त आगाऊ बुकिंगचा मान : त्याला सात दिवस आधी, बाहेरच्याला तीन दिवस आधी. हॉटेलात रात्री गाडी लावायचे भाडेही 2018 मध्ये सुरू झाले होते, ते 2023 मध्ये रद्द झाले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. उद्यानांच्या दारात बाहेरच्यांना गाडी लावायला रोज 30 डॉलरच्या आसपास पडतात, आतल्यांना काही पडत नाही. आणि मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज व अ‍ॅनिमल किंगडम या चारही उद्यानांत आतल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश आहे. या सगळ्या सवलती कंपनीच्या मर्जीच्या आहेत. आज आहेत, पुढच्या हंगामात नसतील. हॉटेल मात्र जागचे हलत नाही. म्हणून भाडे मोजायचे ते अंतरासाठी.

अंतराच्या कसोटीवर तपासले की हद्दीला फारसा अर्थ उरत नाही. ऑल-स्टार नावाची तीन स्वस्त हॉटेले हद्दीत आहेत, पण तिथून कुठल्याही उद्यानाला जायचे तर बसच हवी. बसची वाट पाहणे, चढणे, उतरणे धरून पाऊण तास सहज मोडतो. याउलट बॉनेट क्रीक हा जमिनीचा तुकडा पाहा. साठच्या दशकात तो डिस्नेला विकत मिळाला नाही, म्हणून चहूकडे डिस्नेची जमीन असूनही तो आजवर परका आहे. तिथल्या मोठ्या हॉटेलांतून एपकॉट गाठायला ऑल-स्टारपेक्षा जास्त वेळ लागत नाही. काहींना डिस्नेने आपल्या सवलती देऊ केल्या, शेजारच्यांना नाही. दुसऱ्या बाजूला कंटेम्पररी हॉटेलातून मॅजिक किंगडमचे दार दहा मिनिटांच्या पायवाटेवर आहे. ग्रँड फ्लोरिडियनमधूनही आता चालत जाता येते. बाहेरून गाडीने येणाऱ्याचे हाल याच उद्यानापाशी सर्वांत जास्त होतात, कारण मॅजिक किंगडमचा गाडीतळ उद्यानाला लागून नाहीच. मधे मानवनिर्मित तलाव आहे. गाडी लावायची, तळावरून वाहतूक केंद्रापर्यंत जायचे, पिशव्यांची तपासणी करायची, मग मोनोरेल किंवा मोठी नाव पकडून तलाव ओलांडायचा, तेव्हा कुठे तिकिटाचे फाटक येते. सकाळी हुरूप असतो म्हणून हे खपून जाते. रात्री आतषबाजी संपल्यावर झोपलेले मूल खांद्यावर, घडी केलेली बाबागाडी हातात आणि नावेसाठी हजारोंची रांग, अशी परतवाट कुटुंबाची पुरी दमछाक करते.

ऑर्लँडोचा जुलै ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी मुंबईचा मे महिना आठवावा. पारा 33 अंशांच्या आसपास, हवेत पाण्याचा भार, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास जवळपास रोजचे ढग, विजा, सरी. विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, हवेतून जाणारा पाळणा म्हणजे स्कायलायनरही थांबतो. अशा दिवसात बारा ते चार उद्यानात काढणे म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा आणि सत्तरीच्या गुडघ्यांचा अंत पाहणे आहे. शहाणे कुटुंब सकाळचे पहिले तीन तास गाठते, जेवून खोलीवर येते, झोपते, आणि पाचला पुन्हा जाते. पण खोली पंधरा मिनिटांवर असेल तरच हे जमते. पाऊण तासावर असेल तर जायला-यायला मिळून दीड तास जातो. मग कुणी जात नाही, सगळे तिथेच कडेच्या बाकांवर ताटकळतात आणि संध्याकाळी पाचला वैतागून कायमचे बाहेर पडतात. संध्याकाळचे तास मात्र सर्वांत चांगले असतात, ऊन उतरते आणि लहान मुलांची गर्दी पांगते.

आता पैशाचा आक्षेप, आणि तो खरा आक्षेप आहे. मॅजिक किंगडमला लागून असलेल्या हॉटेलांचे भाडे रात्रीला 500 डॉलरच्या खाली क्वचितच येते, सणासुदीला ते हजाराकडे झुकते. सहा माणसांना तिथे दोन खोल्या लागतील. त्याच रात्रीला हद्दीबाहेरच्या किसिमी गावात चार खोल्यांचे, स्वयंपाकघर आणि छोट्या पोहण्याच्या तलावाचे घर अडीचशे-तीनशेत मिळू शकते. चार-पाच दिवसांचे तिकीट घेतले तरी माणशी रोजचे शंभर ते दीडशे डॉलर पडतात. सहा जणांचे रोजचे 700 धरले आणि उद्यान बारा तास उघडे असले, तर तासाला जवळजवळ 60 डॉलर झाले. जवळ राहिल्याने रोजचे तीन तास वाचले, तर 180 डॉलर वाचले म्हणू. त्यासाठी रात्रीचे 700 जास्त मोजणे हिशेबात बसत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण याच हिशेबाने ऑल-स्टारही बसत नाही. तिथे खोली साधारण 260 चौरस फुटांची, चार माणसांची, भाडे दीडशेच्या वर आणि प्रवास बसचा. म्हणजे किंमत आतली आणि अंतर बाहेरचे. मधला रस्ता 2019 मध्ये स्कायलायनर सुरू झाल्यापासून उघडला आहे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही हॉटेले कंपनीच्याच स्वस्त वर्गातली, पण दारातून पाळणा सुटतो आणि वाटेत एकदा बदलून एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओजला नेऊन सोडतो. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये सहा जणांसाठी 565 चौरस फुटांचे, दोन न्हाणीघरांचे सूट आहेत. शेगडी नाही, पण मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे, दहीभाताची सोय होते. चौघांच्या कुटुंबाला पॉप सेंच्युरीची खोली बाहेरच्या बऱ्या हॉटेलापेक्षा शे-सव्वाशेने महाग पडेल. वाचलेले तास आणि गाडीतळाचे 30 डॉलर धरले तर हा सौदा पटतो.

लवकर प्रवेशासाठी तरी आत राहावे, असे काहीजण म्हणतात. अर्धा तास हा फायदा आहेच, पण तो हजारो खोल्यांतल्या सगळ्यांना एकाच वेळी मिळतो आणि फाटकाशी वेळेआधी उभे राहणाऱ्यालाच पावतो. पाच जणांना आंघोळी घालून सातला निघू शकणाऱ्या घराने तो धरावा, इतरांनी हिशेबात घेऊ नये. लायटनिंग लेनच्या सात दिवसांचे वजन थोडे अधिक आहे, कारण मोजक्या नव्या राइडच्या चांगल्या वेळा तीन दिवसांपर्यंत उरत नाहीत. पण ज्या घरात मूल 40 इंचांपेक्षा कमी उंचीचे आहे, त्या घराला त्यातल्या अर्ध्या राइड तशाही बंदच. सवलत कशी असावी हे पाहायचे तर शेजारच्या युनिव्हर्सलकडे पाहावे. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला जुन्या दोन उद्यानांत रांग टाळणारा एक्स्प्रेस पास भाड्यातच मिळतो, आणि तो येण्याच्या व जाण्याच्या अशा दोन्ही दिवशी चालतो. तोच पास वेगळा घेतला तर गर्दीच्या दिवसांत एकेका माणसाचे शंभर-दोनशे डॉलर उडतात. मोठी मुले असलेल्या चौघांना एका रात्रीत भाडे वसूल होते. मे 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानात मात्र तो चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पैसे आणि मिनिटे मोजताना मुलांचा आनंद विसरलात, असेही कुणी म्हणेल. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या काही खोल्यांच्या सज्जातून सकाळी जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, आणि त्या दृश्याची किंमत तासात करता येत नाही हे खरे. तरी ते हॉटेल चार उद्यानांपैकी तिघांपासून लांब आहे आणि सगळा कारभार बसचा आहे. तिथे राहायचे तर त्या दिवशी उद्यानाचे तिकीट काढू नये, हॉटेलच पाहावे. मुक्काम नसला तरी तिथल्या सना या उपाहारगृहात जेवायला जाता येते. नान, कुलचे, पराठे असे निरनिराळे प्रकार आणि सोबत चटण्या, रायते, लोणचे अशा वाट्यांची ओळ समोर येते, बाहेर माळावर जनावरे फिरत असतात. बर्गर-फ्रेंच फ्राइजला कंटाळलेल्या शाकाहारी आजीला चार घास सुखाने खाता येतील अशी ही जागा आहे.

बाहेर राहण्याचा विचार करताना किसिमीतून जाणारा हायवे 192 कुणाच्याही नजरेतून सुटू नये. एकेकाळी डिस्नेच्या पाहुण्यांसाठी बांधलेली तिथली अनेक मोटेले आज त्याच परिसरात राबणाऱ्या कुटुंबांची कायमची घरे झाली आहेत. शॉन बेकर यांच्या 2017 च्या ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ या चित्रपटात हेच जग आहे. अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे एकदम भरता येत नाही म्हणून माणसे आठवड्याच्या भाड्याने एका खोलीत संसार करतात. डिस्नेच्या कामगारांना संघटनेने झगडून 2023 मध्ये तासाला 18 डॉलरचे किमान वेतन मिळवून दिले, पण घरभाडी त्याच्या पुढे धावत आहेत. शंभर डॉलरच्या आतली खोली शोधणाऱ्या कुटुंबाने तिथे राहू नये असे मी म्हणत नाही. शेजाऱ्यांचे हे जिणे ठाऊक असावे, आणि मोटेलच्या पटांगणात खेळणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहू नये, एवढेच मागणे आहे.

तेव्हा आजी-आजोबांसह निघालेल्या सहा जणांना मी मुक्काम फोडायला सांगेन. आधी किसिमीच्या घरात तीन-चार रात्री, स्वयंपाक आणि गाडी हाताशी ठेवून : एक दिवस अ‍ॅनिमल किंगडमचा, कारण तिथला गाडीतळ दाराशीच आहे, एक दिवस काहीच न करण्याचा, एखादा युनिव्हर्सलचा. मग शेवटच्या दोन रात्री मॅजिक किंगडमला पायी जाता येईल अशा हॉटेलात किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या सूटमध्ये. ज्या दिवशी हॉटेलात नाव नोंदवायचे आणि ज्या दिवशी सोडायचे, त्या दोन्ही दिवशी लवकर प्रवेश मिळतो, म्हणजे दोन रात्रींच्या भाड्यात तीन सकाळी पदरात पडतात. खोली दुपारी तीन-चारला मिळेल, पण सामान सकाळीच ठेवून घेतात. भाड्याची तुलना करताना करासकट आकडा पाहावा : ऑर्लँडोच्या ऑरेंज परगण्यात खोलीवर साडेबारा टक्के कर आहे, किसिमीच्या बाजूला साडेतेरा. बाहेरची पुष्कळ हॉटेले वर रिसॉर्ट फी लावतात. मे 2025 पासून ती जाहिरातीतल्या भाड्यातच धरून दाखवणे केंद्रीय नियमाने बंधनकारक झाले आहे, डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत ती नाही. आणि तारखा आपल्या हातात असतील तर जुलै सोडून सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. उकाडा तेवढाच असतो आणि वादळांचा हंगामही असतो, पण अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात. गर्दी ओसरते, भाडी उतरतात, आणि शाळेत न जाणारी नातवंडे व परतीचे तिकीट ऑक्टोबरचे असलेले आजी-आजोबा, दोघांनाही तो काळ मोकळा असतो.