पैसा हलाल, पण कायदा कुठला?

रमजानमध्ये मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी बचत वर्षभर हाती राहिली, तर तिचा अडीच टक्के वाटा गरजूंचा. हिशेब करता करता दुसरा प्रश्न निघतो. ही बचत ठेवायची कुठे? व्याज, म्हणजे ‘रिबा’, इस्लामला मान्य नाही. मग आखातात नोकरी करणारा मुलगा किंवा जावई तिकडच्या ‘हलाल’ फंडाचे, सुकूकचे नाव सुचवतो.

सुकूक म्हणजे व्याजी कर्जरोखे नव्हेत, तर मालमत्तेतला किंवा धंद्यातला हिस्सा. त्यातला ‘मुदारबा’ हा प्रकार आपल्याकडच्या भागीदारीसारखा. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, तोटा मात्र भांडवलवाल्याचा. पण परदेशी गुंतवणूकदाराला तोटा नको असतो. म्हणून वकील सोबत आणखी एक करार जोडतात, की वेळ आली तर कंपनी हे हिस्से ठरल्या रकमेला परत विकत घेईल. म्हणजे मागच्या दाराने मुद्दल सुरक्षित. खरी मेख इथेच आहे.

शारजाच्या दाना गॅस कंपनीचे सुमारे 70 कोटी डॉलरचे सुकूक ऑक्टोबर 2017 मध्ये फेडायचे होते. त्याआधीच, जूनमध्ये, कंपनीने जाहीर केले, की हे सुकूक शरियतला धरून नाहीत, म्हणून संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात ते बेकायदा ठरतात. पैसे घेताना हलाल, फेडताना हराम! जगभरचे गुंतवणूकदार हादरले.

त्यांना आधार मिळाला तो कागदातल्या एका ओळीचा. मुदारबा करार अमिरातीच्या कायद्याखाली होता, पण परत खरेदीची हमी इंग्लंडच्या कायद्याखाली. शारजातही दावा चालू होता. तरी नोव्हेंबर 2017 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ही हमी बंधनकारक ठरवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्यानंतरच्या अनेक करारांत वकील एक कलम आवर्जून घालू लागले. व्यवहार शरियतबाह्य आहे, असे सांगून कोणालाही पैसे बुडवता येणार नाहीत.

इंग्लंडच्या अपील कोर्टाने तर 2004 मध्येच, बहारीनच्या शामिल बँकेच्या खटल्यात, सांगून ठेवले होते की कराराला लागू होतो तो एखाद्या देशाचा कायदा. धर्मतत्त्वांचा नुसता उल्लेख पुरेसा नाही.

भारतातल्या म्युच्युअल फंडावर सेबीची नजर असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने इथला रहिवासी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो, पण तिकडच्या फंडाची तक्रार तिकडच्याच नियामकाकडे करावी लागते. एजंट बहुधा मौलवींच्या मंडळाचे प्रमाणपत्र पुढे करतो. ते हवेच. पण सही करण्यापूर्वी माहितीपत्रकातली दोन कलमे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत, कायदा कुठल्या देशाचा आणि न्यायालय कुठल्या शहरातले.