अधिकारी दारी आले तर

बालविकास विभागाचे अधिकारी दारात उभे राहिले की आपली मराठी घरे 'लोक काय म्हणतील' या भीतीने गप्प बसतात. आम्ही शिक्षक हे पाहतो. अशा गप्प बसण्याने मुलाचेच नुकसान होते.

२०२० चा बाल कायदा आपल्या मॉरिशसमध्ये २४ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुलाला मारण्याची शिक्षा घरातही मना आहे. मुलाला आईबापांपासून दूर ठेवण्याचा प्रश्न बाल न्यायालयापुढे जातो. तेथे वकिलासह जावे. अधिकाऱ्याचे नाव व तारीख लिहून ठेवावी, शाळेचे व दवाखान्याचे कागद जपावेत, काका-मामांना सोबत घ्यावे. अन्याय वाटल्यास बाल लोकपालांकडे तक्रार करता येते. ते पद २००३ पासून आहे.

आधी मूल, मग अब्रू.