नेट फुल्ल, तरी व्हिडिओ गुल!

पुणतांब्याहून कोपरगाव नाहीतर श्रीरामपूरला कॉलेजसाठी ये-जा करणाऱ्या अनेकांचा सोबती म्हणजे जुना लॅपटॉप. कुणाला दादाने वापरून दिलेला, कुणी कांद्याची पट्टी आल्यावर सेकंडहँड घेतलेला. टायपिंग, प्रोजेक्ट सगळं नीट चालतं. पण लेक्चरचा व्हिडिओ लावला की आवाज पुढे, चित्र मागे आणि पंखा गिरणीसारखा सुरू! मग सगळा राग नेटवर. महागडा रिचार्ज मारला जातो, तरी व्हिडिओ अडकतोच. म्हणून खिशात हात घालण्याआधी दोष नेमका कुणाचा, ते बघा.

आधी पंचनामा

यूट्यूबवर लाल रेषेच्या पुढे फिकट रेष दिसते. तेवढा व्हिडिओ आधीच येऊन पोचलेला असतो. ती बरीच पुढे आहे आणि तरी चित्र अडखळतंय? मग नेट निर्दोष, लॅपटॉप दमलाय. लाल रेष तिला गाठून गोल चक्र फिरायला लागलं, तर मात्र नेट कमी पडतंय. खात्री हवी असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर वाढत असेल, तर गुन्हेगार लॅपटॉपच.

असं होतं का?

व्हिडिओ दाबून, लहान करून पाठवतात. तो उलगडायचं काम लॅपटॉपचं. यूट्यूब आता बरेचसे व्हिडिओ ‘व्हीपी९’ किंवा ‘एव्ही१’ या नव्या पद्धतींत पाठवतं. इंटेलमध्ये व्हीपी९ उलगडणारी पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची तर अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ‘एच२६४’ ही जुनी पद्धत मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही सहज झेपते.

मग करायचं काय?

ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ हे फुकटचं एक्स्टेन्शन टाका, यूट्यूब जुन्या पद्धतीचा व्हिडिओ देतं. सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद असेल तर चालू करा. चालू असूनही स्क्रीन हिरवी-काळी होत असेल तर बंद करून बघा. विंडोज ७ वर क्रोम २०२३ पासून अपडेट होत नाही, हेही लक्षात असू द्या.

साईटच उघडत नाही, सुरक्षेचा इशारा येतो? घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा बटन सेल संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर साईटवर विश्वास ठेवत नाही. सेल बदलला की काम झालं.

लॅपटॉप तापतोय? गादीवर ठेवू नका, पंख्यातली धूळ काढून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

आणि दोष नेटचाच निघाला तर? हॉटस्पॉटऐवजी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, जुन्या वायफाय कार्डाची अडचण टळते. एनपीटेलच्या साईटवरून बरेच लेक्चर्स डाउनलोडही करता येतात. रात्री उतरवा, सकाळी निवांत बघा.

शेवटचं म्हणजे ४८०पी ला कमी समजू नका. सिनेमाचं सोडा, फळ्यावरचं अक्षर वाचता आलं की लेक्चर वसूल! नव्या लॅपटॉपचा विषय घरी काढायचाच असेल, तर एवढं करून बघितल्यावर काढा.