चिडवणारा एक, बघणारे दहा



नवीन सत्र सुरू झाले की एक तक्रार हमखास येते: "मुले आमच्या मुलाला फार चिडवतात." आपल्या बालाघाटात चिडवायला निमित्तेही पुष्कळ. घरी मराठी किंवा पोवारी बोलणाऱ्या मुलाची हिंदी थोडी वेगळी वळते. कोणाचा रंग, कोणाचे आडनाव, कोणाचा जाडेपणा. त्यावर मोठी माणसे म्हणतात, "लहान आहेत, चालायचेच." आम्हाला हे पटत नाही.

थट्टा आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला दिला जातो तो स्वतःचा बचाव सहज करू शकत नाही. थट्टेत दोघेही हसतात, छळात एकच बाजू हसते. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या व त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसले, तेव्हा १९८३ मध्ये तेथील सरकारने देशभर मोहीम काढली. बर्गन शहरातील ४२ शाळांच्या सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर ओल्वेउस यांनी लक्ष ठेवले. मुलांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलीनुसार दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे हा रोग बरा होतो.

पण औषध कोणाला द्यायचे? आम्ही सर्वांचे लक्ष याच गोष्टीकडे वेधू इच्छितो. कॅनडातील टोरांटोच्या शाळांत मैदानावरील प्रसंगांचे चित्रीकरण करून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० पैकी ८८ प्रसंगांत इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती केवळ १९ प्रसंगांत. मात्र जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! चिडवणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. ते हसले तर त्याचे बळ वाढते, गप्प राहिले तरी वाढते.

परदेशाचे जाऊ द्या. आपल्याच प्रांतात महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शालेय दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून आणायचे, रोज परत न्यायचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेले राहायचे. तेथे छळणारा एखादा द्वाड मुलगा नव्हता, मोठ्यांची रूढी होती. आणि बाकीचा वर्ग रोज ते पाहत होता. पालकांनी आजही एवढे विचारून पाहावे की आपला मुलगा डबा कोणाबरोबर खातो आणि कोणाबरोबर खात नाही. बरेच कळते.

शेजारच्या महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे. त्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि दुर्लक्ष केले तर त्यालाही अपराधाला साथ देणारा धरले जाते. गोंदियाचा कायदा बालाघाटला लागू नाही. तरी सात दिवसांची ती मुदत आम्ही स्वतःहून पाळणार आहोत.

यंदापासून मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ व मैदानाच्या मागच्या बाजूला एक शिक्षक उभे राहतील. ज्याने त्रास पाहिला त्यानेही येऊन सांगावे. त्याचे नाव वर्गात घेतले जाणार नाही आणि त्याला कोणी चुगलखोर म्हणू नये. मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. "चल रे, आमच्यात खेळ" म्हणून त्या मुलाला हाताला धरून बाजूला नेले तरी पुरे. शिक्षक बंधू-भगिनींनाही विनंती की हजेरी घेताना कोणालाही टोपणनावाने हाक मारू नये. घरी किंवा शाळेत सांगणे ज्याला शक्य नसेल, त्याच्यासाठी १०९८ हा बालमदत क्रमांक विनामूल्य आहे. तो प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिला जाईल.