कोच पास, क्लब नापास!

लोणावळ्याहून एक्स्प्रेस वेने पुण्याकडे निघालात, की कामशेतचा बोगदा मागे पडतो, उर्स्याचा टोलनाका येतो आणि थोड्याच वेळात गहुंजेचं ते भलंमोठं क्रिकेट स्टेडियम दिसतं. २०१२ साली ते सुरू झालं, तेव्हापासून मावळातल्या पोरांना त्याचा कोण अभिमान! पण दोस्तांनो, आता सांगा बरं, त्या स्टेडियमच्या शेजारच्या मामुर्डी गावात काय होतं?

नाही ना आठवत? तिथे फुटबॉलचं सरावाचं मैदान होतं आणि देशातल्या चांगल्या फुटबॉल अकादम्यांपैकी एक तिथे चालत होती. पुणे एफसी या क्लबची. केरळ, मिझोराम, मणिपूर, गोवा, कुठकुठची मुलं आपल्या या कोपऱ्यात येऊन फुटबॉल शिकत होती, आणि आपण मात्र शेजारी राहून क्रिकेटच्या तिकिटांची चौकशी करत होतो.

मी त्या संघाचा चाहता. चाहत्याने प्रगतिपुस्तक भरायचं म्हणजे मार्क जरा सढळ हाताने पडणार, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही भरतोच. कारण त्या क्लबचं जे झालं ते समजून घेतलं नाही, तर आपल्या मावळातल्या एखाद्या चांगल्या खेळाडूचंही उद्या तेच होईल.

पुणे एफसी सुरू झाला २००७ मध्ये. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००९-१० च्या मोसमात तो पहिल्यांदा आय-लीग खेळला. ही तेव्हाची देशातली सर्वांत मोठी लीग. ईस्ट बंगाल, मोहन बागान, धेंपो, चर्चिल ब्रदर्स असे एकाहून एक मुरलेले संघ त्यात. नवख्या पुण्याने पहिल्याच वर्षी तिसरा नंबर काढला! पुढे २०१२-१३ मध्ये तर दुसरा. वर फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स.

त्या वर्षी संघाचे कोच होते डेरिक परेरा. गोव्याचे, भारताकडून खेळलेले, मूळचे बचावपटू. बचावपटू कोच झाला की संघ सहसा गोल खात नाही, निदान फुकटचे तरी खात नाही. पुण्याच्या संघात हे दिसायचं. अनस एडाथोडिकासारखा बचावपटू मागे उभा, मधल्या फळीत अराता इझुमी, पुढे जेजे लालपेखलुआ. हा अराता म्हणजे एक गंमतच होती. जन्म जपानचा, वडील भारतीय. पुण्यात खेळता खेळता त्याने भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये तो थेट भारताच्या संघातून खेळला.

आता कोच चांगला आहे हे ओळखायचं कसं? बरेच जण गोल मोजतात. मी वेगळंच बघतो. आपल्या संघाकडून बॉल गेला, की पुढच्या पाच सेकंदांत अकराही जण काय करतात? कोचने घोटून घेतलेलं असेल तर जवळचा खेळाडू लगेच अंगावर धावतो, त्याच्या मागचे दोघं जागा भरतात, बाकीचे आत सरकतात. घोटून घेतलेलं नसेल तर तिघं कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडे बघत बसतात! दुसरी गोष्ट म्हणजे राखीव खेळाडू. सत्तराव्या मिनिटाला आत आलेला मुलगा पहिल्या पासपासून संघाच्या लयीत असेल, तर समजायचं की आठवडाभर तो नुसता बॉल आणून द्यायला उभा नव्हता. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अकादमीतली मुलं मोठ्या संघात येतात का?

इथे मामुर्डीला मी पैकीच्या पैकी देतो. अकादमीचे कोच होते रंजन चौधरी. त्यांच्या मुलांनी २० वर्षांखालची आय-लीग जिंकून दाखवली होती. केरळच्या मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन याच अकादमीतला. पुढे तो स्पेनला व्हिलारेआलमध्ये शिकून आला आणि जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात भारताकडून खेळला. म्हणजे बघा, गहुंजेच्या सावलीत शिकलेला मुलगा भारताच्या संघात!

मग हा क्लब आज कुठे आहे?

कुठेच नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि पुण्यात एफसी पुणे सिटी नावाचा नवा संघ उभा राहिला. त्याच सुमारास आय-लीगमध्ये भारत एफसी हा तिसराही आला. एका शहरात तीन-तीन मोठे संघ, आणि तिघांचंही मैदान एकच, बालेवाडीचं! आम्ही चाहते खूष होतो. लोणावळा लोकलने चिंचवड गाठायचं, तिथून पुढे बालेवाडी, आणि परतीची शेवटची लोकल चुकू नये म्हणून ऐंशीव्या मिनिटापासून घड्याळाकडे बघायचं. पण भारत एफसी एकाच मोसमात संपला. पुणे एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, त्याची अकादमी पुणे सिटीकडे गेली. आणि २०१९ मध्ये पुणे सिटीही बंद! त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला आणि त्या संघाने २०२१-२२ मध्ये करंडकसुद्धा जिंकला. चाहत्याच्या जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

पुणे सिटीच्या कोचबद्दल मात्र हात जरा आखडता घेतो. फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनिओ हबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, फिल ब्राऊन. पाच मोसमांत सहा कोच! यातली नावं लहान नव्हेत. प्लॅट इंग्लंडचा कर्णधार राहिलेला, हबासने कोलकात्याला पहिला करंडक जिंकून दिलेला. पण दरवर्षी नवा गुरुजी, नवी पद्धत, नवे खेळाडू. वर्गशिक्षक दर परीक्षेला बदलले तर तुमचं काय होईल? त्यातल्या त्यात पोपोविचच्या वेळी, २०१७-१८ मध्ये, संघ उपांत्य फेरीत गेला. पुण्यातला सामना बरोबरीत सुटला, आणि मग बंगळुरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल ठोकून आमची स्वप्नं गुंडाळून ठेवली.

हे फक्त पुण्याचंच झालं असं नाही. परेरांनीच त्याआधी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. तो क्लब कंपनीने २०१० मध्ये बंद केला. एकाच कोचने महाराष्ट्रातल्या दोन संघांना वर नेलं, आणि दोन्ही संघ आज नाहीत.

अमेरिकेत याच्या अगदी उलट चालतं. तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, अंगावर धडका मारण्याचा खेळ. आपल्या फुटबॉलशी त्याचा नावापुरता संबंध. पण कॉलेजच्या सामन्याला लाख लाख लोक बसतात! अलाबामा विद्यापीठाच्या निक सेबन या कोचने तिथे १७ मोसमांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या कोचला मुदतीआधी घरी बसवलं, तर त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायचं ठरलं. हा वेडेपणाच, मी त्याची तरफदारी करत नाही. पण एक गोष्ट बघा. तिथे कोच जातो, कॉलेज राहतं. मैदान राहतं, पुढच्या वर्षी मुलं पुन्हा येतात, चाहते पुन्हा भांडतात. आपल्याकडे कोच राहतो आणि संघच निघून जातो!

न जाणारे संघ महाराष्ट्रात कुठेच नाहीत का? आहेत की. कोल्हापूरला! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या तालमींनी आणि पेठांमधल्या मंडळांनी चालवलेले हे संघ. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की अर्धं गाव तिथेच. तिथला संघ कुणा मालकाचा नसतो, पेठेचा असतो. पेठ बंद कशी पडणार? पण खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये जोश भरपूर आणि पद्धतशीर शिकवणं त्यामानाने कमी. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा मोठा कार्यक्रम झाला होता. मजा आली. पण सोळा सप्टेंबरला शिकवायला कोण होतं?

तर माझं म्हणणं असं, की मामुर्डीकडे शिकवणं होतं आणि पेठ नव्हती. कोल्हापूरकडे पेठ आहे आणि शिकवणं तोकडं पडतं. दोन्ही एका ठिकाणी आलं तर काय होतं, ते बघायचं असेल तर मिझोरामच्या ऐझॉलकडे बघा. डोंगरातलं गाव, धो धो पाऊस, क्लबकडे पैसा बेताचा, पण सगळं गाव मागे उभं. त्यांनी २०१६-१७ साठी कोच आणला खालिद जमील. हा पूर्वी महिंद्रकडून खेळलेला, नंतर कित्येक वर्षं मुंबई एफसीचा कोच. ३० एप्रिल २०१७ ला ऐझॉलने आय-लीग जिंकली! ज्या संघावर आदल्या मोसमात खाली उतरायची पाळी आली होती, त्याच संघाने. हाच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचा कोच झाला.

डोंगर, पाऊस आणि बेताचा पैसा हे तर आपल्याकडेही आहे! लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नेमकी याच दिवसांत शाळांच्या स्पर्धांची धावपळ असते. मैदानात घोटाभर चिखल, त्यात बॉल पुढे जातच नाही, म्हणून मुलं एकच शिकतात. उचलायचा आणि जोरात मारायचा! लोहगड, विसापूर चढून मावळातल्या मुलांचे पाय दणकट झालेले असतात, दम भरपूर असतो. पण समोरून आलेला बॉल पायाशी अलगद थांबवणं डोंगर चढून येत नाही. ते रोज, शंभर-दोनशे वेळा, कुणीतरी समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. शाळेचा व्हरांडा, एखादा रिकामा हॉल, मंदिराचा सभामंडप, एवढीशी फरशी पुरते त्याला. पावसाळा फुकट घालवायची गरज नाही.

कोच म्हणजे कोणी परदेशी माणूस हवा असंही नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे डी, सी, बी, ए असे परवाने असतात, सगळ्यात वर प्रो. लहान मुलांना शिकवायला डी परवान्याचा माणूस पुष्कळ झाला. गावातला एखादा कॉलेज संपलेला दादा, शाळेच्या पी.टी.च्या बाई, कुणीही तो अभ्यासक्रम करू शकतं. अडचण पुढेच असते. कॉलेजचा संघ स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी गोळा होतो, विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांत दोन मॅच खेळतो, हरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत पांगतो. पंधरा दिवसांत परेरा आले काय आणि सेबन आला काय, कुणीही काहीही शिकवू शकणार नाही.

राज्य सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'महादेवा' नावाची योजना आणली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा त्या मुलांनाही तिथे बोलावलं होतं. निवडलेली मुलं थोडी, पण त्यांना काही वर्षं सलग शिकवायचं आहे, हे मला आवडलं. पाच वर्षांनी ती योजना चालू असेल का, हे मी बघणार आहे. मार्क तोवर राखून ठेवतो.

आणि आपल्या तालुक्याचं? शाळांची सुब्रतो करंडक स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत दिल्लीपर्यंत जाते. मुलींसाठीही ती आहे, बरं का! माझा अंदाज विचाराल तर येत्या दोन-तीन वर्षांत मावळचा संघ दिल्लीला जाणार नाही. पण ज्या शाळेत गेल्या वर्षीचाच कोच या वर्षीही आहे आणि सातवीतली मुलं दहावीच्या मुलांबरोबर सरावाला येतात, ती शाळा जिल्ह्यात कुणालाही घाम फोडेल. तुमच्या शाळेत असं असेल तर संपादकांच्या पत्त्यावर मला कळवा. तालुक्याच्या फेरीला छत्री घेऊन मी येतोच आहे.