पाचवी आणि सहावी कळ

लिनक्सवर चित्रपट धडपणे दाखवील असे साधन मिळेना, म्हणून आर्पाद गेरेऑफी या हंगेरियन प्रोग्रामरने 2000 साली जे साधन स्वतःच रचावयास घेतले, ते एमप्लेअर या नावाने पुढे जगभर प्रसृत झाले. त्याचा मूळ पिंड टर्मिनलचा. साधनाचे नाव, पुढे वजा चिन्ह जोडून पर्यायाचे नाव, मग एक आकडा आणि अखेरीस फाइलचे नाव, एवढी ओळ टंकित केली की प्रेक्षकाच्या इच्छेबरहुकूम चित्र पडद्यावर उमटावे, अशी ही व्यवस्था आहे. आणि कालचेच चित्र आज तंतोतंत पुन्हा मिळविणे, जे अंदाजाने पट्टी सरकविणाऱ्या हाताला क्वचितच साधते, ते या ओळीला सहज साधते.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, ह्यू आणि सॅच्युरेशन हे यातले मुख्य पर्याय. प्रत्येकाची मर्यादा वजा 100 ते 100, आणि शून्य म्हणजे मूळ चित्र. बहुतेक चित्रफितींत उजेडाचे एक मान आणि रंगाची दोन माने असा हिशेब ठेवलेला असतो. ब्राइटनेसने उजेडाच्या मानात बेरीज होते, कॉन्ट्रास्टने त्याचा गुणाकार. सॅच्युरेशनने रंगाची दोन्ही माने गुणली जातात आणि ह्यूने त्या दोहोंचे प्रतल फिरते. म्हणूनच सॅच्युरेशन वजा 100 केले की रंगाचा अंशही उरत नाही. जुन्या कृष्णधवल चित्रपटाच्या टेपवरून उतरविलेल्या प्रतीवर हिरवट-जांभळी झाक चढलेली असेल, तर ती घालविण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

चित्र अंधारे वाटले की मनुष्य प्रथम ब्राइटनेसकडे धावतो, आणि तेथेच चित्राची हानी होते. सर्वत्र सारखीच बेरीज झाल्यामुळे काळे ते करडे बनते, रात्रीच्या दृश्यातली खोली नाहीशी होते, आणि वरच्या टोकाचे तपशील मर्यादेवर आदळून पांढऱ्यात बुडतात. याउलट गॅमा हा आणखी एक पर्याय काळ्याला काळे व पांढऱ्याला पांढरे राहू देऊन मधल्या छाया तेवढ्या उजळवितो. दिव्याच्या मंद प्रकाशातला चेहरा दिसावा, पण भोवतालचा अंधार अंधारच राहावा, ही अपेक्षा गॅमाच पुरी करू शकतो.

या दृष्टीने कळफलकाचा एक इतिहास मला फार बोधक वाटतो. एमप्लेअरमध्ये चित्र चालू असता 1 व 2 या कळांनी कॉन्ट्रास्ट, 3 व 4 यांनी ब्राइटनेस, 5 व 6 यांनी ह्यू आणि 7 व 8 यांनी सॅच्युरेशन बदलते. त्याच्याच वंशातल्या एमपीव्हीने, ज्याची पहिली आवृत्ती 2013 साली निघाली, बाकी क्रम कायम ठेवून 5 व 6 या कळा गॅमाच्या हवाली केल्या. ह्यूचे महत्त्व मुळात अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीचे. 1953 साली मान्य झालेल्या त्या रंगीत प्रक्षेपणात संकेताच्या कलेत (फेजमध्ये) थोडी चूक झाली तरी माणसांचे चेहरे हिरवे वा जांभळे दिसत, आणि ते ताळ्यावर आणण्यासाठी प्रत्येक संचाला स्वतंत्र बटण द्यावे लागे. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी सिद्ध केलेल्या पाल पद्धतीत एका रंगघटकाची कला ओळीआड उलटविली जाते, त्यामुळे शेजारच्या ओळींतल्या चुका परस्परांस मारतात. भारतात 1982 साली दूरदर्शन रंगीत झाले ते पालवरच. तेव्हा त्या बटणाची गरज आपल्याकडे भासलीच नाही. डिजिटल फाइलमध्ये तर तो दोषच संभवत नाही. एमपीव्हीचा फेरफार मी सर्वथा योग्य मानतो.

काही व्हिडिओ ड्रायव्हर हे पर्याय मुळीच जुमानीत नाहीत. अशा वेळी एमप्लेअरला ईक्यू नावाचे फिल्टर जोडून ब्राइटनेस व कॉन्ट्रास्टचे काम प्रोसेसरकडून करवून घ्यावे लागते. मूळ फाइलला यापैकी कशाचाही स्पर्श होत नाही, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे भूषण वाटते. आणि एखाद्या फितीसाठी योग्य आकडे एकदा ठरले, की त्या फाइलच्याच पूर्ण नावापुढे टिंब व कॉन्फ ही अक्षरे जोडून केलेल्या छोट्या मजकूर-फाइलीत ते लिहून ती होम डिरेक्टरीतल्या .mplayer या फोल्डरात ठेवावी. एमप्लेअर ती फीत उघडताना ते आपोआप वाचतो, आणि घरातल्या ज्या माणसाला टर्मिनलची ओळख नाही त्यालाही निवळलेले चित्र पाहावयास मिळते.