किल्लीचा टॅग घरातच हरवतो तेव्हा

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची लगबग सुरू होते. घराला कुलूप लागते, किल्ली म्हाताऱ्या माणसांच्या हवाली होते. तरणी पोरे पुण्या-मुंबईकडे कामाला असतात आणि सणाला येताना त्यांच्या पिशवीतून नवनव्या वस्तू घरी येतात. त्यातलीच एक म्हणजे ब्लूटूथचा टॅग. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, हलकीशी चकती. किल्लीच्या जुडग्याला अडकवायची. किल्ली हरवली की मोबाईलवरून ती वाजवायची. पण लेकरांच्या हाताने टॅग कडीतून निसटतो, किल्ली खिळ्यावर राहते आणि शोधणाराच हरवतो.

यावर हसू येईल, पण नुकसान लहान नाही. २०२१ साली अ‍ॅपलचा एअरटॅग आपल्याकडे आला तेव्हा त्याची किंमत ३,१९० रुपये होती. २०२३ साली जिओने ७४९ रुपयांना टॅग काढला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे स्वस्तातला टॅग घ्यायचा तरी जवळजवळ तीन दिवस उन्हात राबणे आले.

प्रथम एक गैरसमज दूर करू. या टॅगमध्ये सिमकार्ड नसते आणि उपग्रहावरून आपली जागा ओळखण्याची सोयही नसते. तो फक्त थोड्या थोड्या वेळाने रेडिओलहरींची बारीक हाक देत राहतो. अंधाऱ्या खोलीत निजलेले म्हातारे माणूस खोकून आपण इथे आहोत हे कळवते, तसेच हे. ती हाक मोबाईलने ऐकली की मोबाईल स्वतःची जागा नकाशावर नोंदवतो. नकाशावरचा ठिपका हा मुळात त्या ऐकणाऱ्या मोबाईलचा असतो. हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

(ब्लूटूथ म्हणजे निळा दात. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचे हे टोपणनाव. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हे अभियंते या तंत्रावर काम करू लागले आणि १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन ते याच नावाने पुढे आणले. राजाचे नाव तेवढे घेतले, दाताचा काही संबंध नाही.)

आता शोधाकडे वळू. टॅग दिसत नाही असे कळताच पहिले काम झाडू थांबवण्याचे. एवढीशी वस्तू केरात गेली आणि केर उकिरड्यावर गेला की ती परत मिळणे कठीण. दुसरे काम, टॅग कोणाच्या मोबाईलला जोडला आहे ते आठवण्याचे. मुलाने तो आपल्या मोबाईलला जोडला आणि सुट्टी संपवून तो पुण्याला निघून गेला, तर घरातल्या मोबाईलवरून तो सहसा वाजवता येत नाही. म्हणून गावी ठेवायचा टॅग गावातल्याच मोबाईलला जोडून द्यावा. तोही मोबाईलची जात पाहून. एअरटॅग जोडायला आयफोनच लागतो.

मोबाईल जवळ असेल तर शोध रात्री घ्यावा. पंखा बंद, टीव्ही बंद. प्रत्येक खोलीत स्थिर उभे राहून टॅग वाजवावा आणि ऐकावे. उतारवयात उंच, बारीक सूर कमी ऐकू येतात, तेव्हा आजोबांनी दहा-बारा वर्षांच्या नातवंडाला सोबत घ्यावे.

आवाज आलाच नाही तर? इथे थोडे डोके चालवावे लागते. कापूस, गोधडी, लाकूड यांतून ब्लूटूथच्या लहरी सहज पार होतात, पण आवाज दबतो. लोखंड आणि पत्रा यांचे उलटे आहे. लहरी पत्र्यावर आपटून परत फिरतात. पाण्यातही त्या विरतात. तेव्हा मोबाईल 'जवळ आहे' म्हणतो आणि ऐकू काहीच येत नाही, अशा वेळी गोधड्यांची चळत, उशांच्या खोळी, कपड्यांचे गाठोडे सोडावे. मोबाईलला टॅग अजिबातच सापडत नसेल, तर लोखंडी पेटी, कपाट, धान्याची कोठी, पिठाचा डबा उघडावा आणि उघडे ठेवूनच पुन्हा वाजवावा. रांजणाच्या, टाकीच्या मागची जागाही विसरू नये. आणि मराठवाड्यातल्या घरात उंदीर-घुशींचे बीळ तपासल्याशिवाय शोध पुरा होत नाही, हे आमच्या माताभगिनींना सांगायला नको.

दिशा कळावी म्हणून एक साधी युक्ती आहे. मोबाईल छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरावे. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, त्यामुळे टॅग पाठीमागे आला की लहर क्षीण होते. ब्लूटूथची ताकद दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात; त्यांत उणे ९० म्हणजे दूर आणि उणे ५० म्हणजे अगदी जवळ. जिथे आकडा सुधारतो तिकडे दोन पावले टाकावीत, थांबावे, पुन्हा फिरावे. घाई करू नये, आकडा मागून येतो.

हे सर्व सांगण्यामागे आमचा खरा हेतू वेगळाच आहे. आपल्या वस्त्यांमध्ये घराला घर लागून असते, एका भिंतीत दोन संसार. तुमच्या घरात पडलेल्या टॅगची हाक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा मोबाईल ऐकू शकतो आणि तसे झाले की ठिपका शेजाऱ्याच्या घरावर उमटतो. शिवाय दाट वस्तीत मोबाईलची स्वतःची जागाही काही मीटरने चुकते. पुण्यात बसलेला मुलगा तो ठिपका पाहून आईला फोन करतो, 'टॅग त्यांच्याकडे आहे.' झाले! वर्षानुवर्षांचा शेजार एका ठिपक्यावरून तुटतो. कुठे संशय नव्या सुनेवर जातो, कुठे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईवर. मग कोणी चोर सांगणाऱ्या भगताकडे चला म्हणतो. भगताचा तांदूळ आणि मोबाईलचा ठिपका, न समजता मानले तर दोन्हींत फार फरक उरत नाही. ठिपक्याला वेळ असते. ती आधी वाचावी. तीन दिवसांपूर्वीचा ठिपका आजचा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. एअरटॅग व जिओटॅग यांच्या पोटात सीआर २०३२ हा चपटा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. रांगत्या मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजू शकते. टॅग बंद पडला म्हणून सेल निरुपद्रवी झाला असे समजू नये, तेवढी ताकद त्यात उरते. मूल लाळ गाळते, खोकते, खाणे नाकारते. कधी काहीच लक्षण दिसत नाही. नाणे गिळले तर केळी चारण्याची आपल्याकडे रीत आहे, ती इथे मुळीच करू नये. उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा, 'सेल गिळला असावा' असे स्पष्ट सांगावे आणि परभणी किंवा अंबाजोगाईसारख्या ठिकाणी, जिथे एक्स-रे व दुर्बिणीची सोय आहे, तिथे तडक पोचावे. एक्स-रेत सेल नाण्यासारखाच गोल दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी कडे असते. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगणे बरे. घरात तान्हे-रांगते मूल असेल, तर हरवलेला टॅग 'उद्या बघू' म्हणून सोडू नये.

शोधताना कधी भलताच, आपला नसलेला टॅग पर्समध्ये किंवा गाडीच्या सीटखाली सापडतो. बायका-मुलींवर पाळत ठेवण्यासाठी टॅगचा असा गैरवापर झालेला आहे. २०२३ पासून अँड्रॉइड मोबाईलवर अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना येते आणि मे २०२४ पासून अ‍ॅपल व गुगल यांनी मिळून ती सोय वाढवली. अशी सूचना आली तर तिचा व टॅगचा फोटो काढून ठेवावा, मगच त्याचा सेल काढावा आणि विश्वासातल्या माणसाला सोबत घेऊन पोलिसांकडे जावे. नवऱ्यानेच ठेवला असेल तरी!

आपला टॅग सापडला की तो पुन्हा कडीत नुसता अडकवू नये. जाड कापडाची छोटी पिशवी शिवून त्यात तो बंद करावा आणि जुडग्याला घट्ट टाचावा. आवाज बाहेर येतो, लेकरांच्या नखांनी झाकण मात्र उघडत नाही. सेल साधारण वर्षभर टिकतो. बदललेल्या जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो झाकणाच्या डब्यात उंच फळीवर ठेवावा आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जुने सेल घेत असतील तर तिथे द्यावा. केरात टाकू नये. केरात लेकरे खेळतात.